पेट्रोल कुठं जातंय?



आज पिकाचं काही नाही. हरभरा निघाला, ज्वारी काढून झाली, रान मोकळं पडलंय. आज गाडीचं लिहितो. आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं अजून जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. नवी दारात असली तरी दुधाला, वैरणीला, खताच्या गोणीला जुनीच लागते. माझी शंभर सीसीची गाडी 1999 ची. 15 वर्षांनी एकदा आणि मग दर 5 वर्षांनी, अशी तीनदा पासिंग करून घेतली, पण मोडीत घातली नाही. या गाडीनं मला फाल्गुनात एक धडा दिला. त्यात माझी चूक मोठी आहे, ती पण सांगतो, नाहीतर लिहून काय उपयोग.

आमचा गडी सकाळ-संध्याकाळ याच गाडीवर दूध डेअरीला नेतो. त्यात शेताची एखादी खेप धरली तर दिवसाचं वीस किलोमीटर पळणं. गाडी साठचं अॅव्हरेज देते, म्हणजे तीन दिवसाला एक लिटर. पाच लिटर टाकलं की पंधरा दिवस बघायचं काम नाही. मी डायरीत तारीख लिहून ठेवतो, औषध फवारणीची ठेवतो तशीच. महाशिवरात्रीनंतर बघितलं तर पाच लिटर आठ-नऊ दिवसांतच संपायला लागलं. एकदा झालं, दोनदा झालं. नऊ दिवसांचं पळणं तीन लिटरचं, मग दोन लिटर गेलं कुठं?

गाडीखाली थारोळं नाही, टाकी ओली नाही. मग मनात जे यायचं तेच आलं.

त्यातच तो दोनदा उशिरा आला. दूध नासता नासता राहिलं. म्हणाला, "मालक, गाडी बंद पडती. टाकीत पेट्रोल हाय, तरी बंद पडती. झाकण उघडलं की फुस्स करतंय, अन् मग किकला चालू होती." मी म्हटलं, बरं. पण मनात म्हटलं, पेट्रोल आहे तर बंद कशी पडेल? बहाणा आहे.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर मीच गेलो होतो. चार माणसं उभी होती. तिथं मी त्याला विचारलं, "पेट्रोल कुठं जातंय रे?" आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण विचारायची पद्धत असते ना. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाडीला हात लावणं बंद केलं. आमची जुनी सायकल काढली, तिला दोन्हीकडं किटल्या अडकवल्या आणि दूध न्यायला लागला. अकरा वर्षं माझ्याकडं साल धरतोय हा माणूस. पाडवा तीन आठवड्यांवर आला होता, आणि पाडव्याला साल बदलतं हे तुम्हाला सांगायला नको.

आता पुढचं ऐका. गाडी घरीच उभी राहायला लागली, तरी पेट्रोल कमी होतच होतं.

आमच्या मंडळींनी आधीच दोनदा सांगितलं होतं, "पडवीत पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, गाडी आहे तर वास येणारच. एके दिवशी पहाटे पाचला पाणी तापवायला चूल पेटवायच्या आधी त्या मला उठवायलाच आल्या. म्हणाल्या, "तुम्ही आधी येऊन बघा, मग मी काडी ओढते." उठलो. पडवी शेणानं सारवलेली, जमीन मातीची. गाडीच्या खाली तळहाताएवढा डाग होता. ओला नव्हता, काळपट आणि भुसभुशीत. वास घेतला तर पेट्रोल. थारोळं का दिसत नव्हतं ते तेव्हा कळलं. निम्मं माती पीत होती, निम्मं उडून जात होतं.

त्या डागापासून चूल दहा-बारा फुटांवर. जमिनीला उतार चुलीकडं. मधे कडब्याच्या पेंढ्या.

मित्रांनो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, उताराला वाहते, खोलगट जागेत साचते. आणि पेट्रोलला पेट घ्यायला उन्हाळा लागत नाही, शून्याच्या खाली चाळीस अंशांवर सुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते. डिझेलची सवय असलेला माणूस इथंच फसतो. मी तसाच गाडी ढकलत अंगणात आणली आणि तिथून पुढं ती पडवीत घेतलेली नाही. त्या दिवशी चूलही पेटवली नाही. पंप चालवणारे आपण सगळे म्हणतो "थोडंसं गळतंय, चालतंय." पाणी गळालेलं चालतं. हे चालत नाही.

मग मी शांत बसून विचार केला. शेतात ड्रिपला पाणी कमी पडलं तर मी काय करतो? शेवटच्या ड्रिपरपासून ओरडत सुटत नाही. प्रेशर बघतो, फिल्टर बघतो, मग सबमेन, मग लॅटरल, मग ड्रिपर. खाली माप ठेवून ड्रिपरचं पाणी मोजतो. विहिरीपासून मुळापर्यंत एकेक टप्पा. गाडीत पण तेच आहे. टाकी ही विहीर. तिच्या तोंडाला कॉक, म्हणजे वॉल्व्ह. मग रबरी नळी. मग कार्बोरेटर. त्याच्या खालच्या वाटीत फ्लोट असतो, आपल्या हौदाच्या बॉल कॉकसारखा. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुईनं पेट्रोल बंद करतो. सुईनं बंद केलं नाही तर जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या बारीक नळीनं खाली जमिनीवर पडतं. मोटर नाही, पंप नाही, सगळं उताराचं काम. म्हणूनच रात्री सगळे झोपल्यावर सुद्धा ते चालू राहतं.

आता मी काय काय तपासलं ते क्रमानं सांगतो. हे सगळं उघड्या अंगणात, दिवसा उजेडी किंवा बॅटरीवर. चिमणी, काडी, बिडी लांब. गाडी गार झालेली पाहिजे आणि मेन स्टँडवर सरळ उभी पाहिजे. साईड स्टँडवर वाटी तिरकी होते, फ्लोटचं गणित चुकतं.

पहिलं, गळतंय नेमकं कुठून. थेंब जिथं पडतो तिथंच गळती असते असं नाही. पेट्रोल नळीवरून, इंजिनवरून ओघळत येतं आणि भलतीकडंच टपकतं. म्हणून टाकीच्या तळापासून खालपर्यंत सगळं कापडानं कोरडं पुसलं आणि पोराची खडूची भुकटी वरून मारली. अर्ध्या तासानं बघितलं तर भुकटी दोन ठिकाणी ओली. एक, नळी कार्बोरेटरला जोडते तिथं जरासा ओलावा. दोन, ओव्हरफ्लोच्या नळीचं टोक. ते चांगलं टपकत होतं.

नळीचं पाप माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी मूळ नळी चिरली तेव्हा मी स्प्रे पंपाची पारदर्शक नळी कापून बसवली होती. ती पाण्याला, औषधाला ठीक. पेट्रोलमध्ये ती नळी कडक होते, काडीसारखी. मग क्लिप कितीही आवळा, टोकाशी फट राहते. पेट्रोलची नळी पेट्रोलचीच घ्या. किंमत चहा-भज्याची आहे.

दुसरं, किती गळतंय. ओव्हरफ्लोच्या टोकाखाली काचेची बाटली लावली. कॉक बंद. रात्री नऊ ते पहाटे पाच, आठ तास. सकाळी मोजलं, 120 मिली. म्हणजे तासाला 15 मिली. गाडी दिवसा घरी उभी असते ते तास धरले तर दिवसाचं सव्वादोनशे मिली होतं. नऊ दिवसांचं दोन लिटर.

डायरीतलं दोन लिटर.

ती बाटली हातात घेऊन मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो. ड्रिपरखाली माप ठेवतो, दुधाला डिग्री लावतो, औषध मिलीनं मोजतो. आणि माणसावर संशय घेताना काहीच मोजलं नव्हतं.

तिसरं, झाकण. बाटलीनंतर मला त्याचं "फुस्स" आठवलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, हवा आत यायला. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. नाही आली तर टाकीत ओढ बसते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तेलाचा डबा एकाच बाजूला भोक पाडून ओतला की कसा अडखळतो, तसं. माघात अवकाळी पाऊस झाला तेव्हा झाकणातून पाणी टाकीत जायला लागलं होतं, रबर गेलेलं. मी काय केलं, खताच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा झाकणाखाली घालून आवळलं. पाणी थांबलं, हवा पण थांबली. चार-पाच किलोमीटरनं गाडी पेट्रोल मागायची आणि मिळायचं नाही. झाकण उघडलं की हवा आत शिरायची, फुस्स, आणि गाडी चालू. माणूस खरं बोलत होता. नुसतं खरं नाही, रोगाचं अचूक लक्षण सांगत होता. मी ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, हवाच बंद होती तर मग गळत कसं होतं? मी पण तेच म्हटलं. तर प्लास्टिक काही अगदी हवाबंद नव्हतं. तासाला 15 मिली गळायला लागेल एवढी हवा कडेनं जात होती. पण पळत्या गाडीला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतं, तेवढी जात नव्हती. हे खरं आहे का ते लगेच कळलं. प्लास्टिक काढलं, झाकणाचं भोक बारीक तारेनं मोकळं केलं, त्याच रात्री बाटलीत 120 च्या जागी दोनशेच्या वर आलं. एक रोग दुसऱ्याला दाबून धरत होता. पिकात पण बघतो आपण हे.

तुमची गाडी चार-पाच किलोमीटरनं बंद पडत असेल आणि पाच मिनिटं थांबलं की चालू होत असेल, तर प्लग बदलायच्या आधी झाकण सैल करून एक फेरी मारून बघा. टाकी अर्धीच भरलेली ठेवा, नाहीतर अंगावर उडेल. झाकणानं फरक पडला नाही तर नळी कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोडा आणि कॉक चालू करा. धार एकसारखी पाहिजे. आधी जोरात आणि मग बारीक होत गेली तर हवा नाही. पहिल्यापासूनच बारीक तर कॉकमध्ये गाळ आहे, नाहीतर आतलं रबर फुगलंय. चालूवर धार नाही आणि रिझर्व्हवर आहे, तर कॉकच्या आतली उभी नळी तुंबलीय, किंवा मग साधी गोष्ट, पेट्रोलच त्या नळीच्या खाली गेलंय.

चौथं, फ्लोट. तालुक्याला एका मेस्त्रीकडं गेलो. त्यानं वाटी खोलली, फ्लोटची सुई बदलली, दहा मिनिटांत मोकळा. गळती बंद. मी खूश. चार दिवसांनी परत टपकायला लागली. मेस्त्रीला दोष देत नाही, सुई खरंच झिजलेली होती, टोकाच्या रबराला गोल खाच पडली होती. पण मी त्याला टाकीत पाणी गेल्याचं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. ड्रिपर तुंबले म्हणून ड्रिपर बदलले आणि फिल्टर उघडूनच बघितला नाही, तर चार दिवसांत काय होणार?

गळती परत सुरू झाली तेव्हा वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच दोन टकटक मारल्या. थेंब थांबले. ही खूण लक्षात ठेवा. टकटक केल्यावर थांबलं तर सुईखाली कचरा अडकलाय, सुई बदलून भागणार नाही. टकटक करून फरक नाही तर सुई तरी झिजलीय, नाहीतर फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलंय. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत डुचमळलं तर गेला. कळत नसेल तर पुसून वाळवून गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतात. तिसरी एक शक्यता असते. वाटीत ओव्हरफ्लोची जी उभी नळी असते ती बुडाशी तडकते. तेव्हा फ्लोट चांगला, सुई चांगली, तरी गळत राहतं. वाटी मोकळी करून त्यात पेट्रोल ओता, खालून पाझरलं तर तडा आहे.

माझ्या वाटीत तळाला तांबडा गाळ होता. गंज. तो कुठून आला ते आता सांगायला नको. झाकणातून पाणी आलं, पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाला बसलं, टाकी आतून गंजली. कॉकच्या वरची जाळी फाटलेली, त्यामुळं गाळ सरळ खाली. टाकी उतरवली, पेट्रोल गाळून घेतलं, टाकी विसळली. चहाचा चमचाभर गाळ निघाला. त्याच्या एका कणानं सुई उघडी राहत होती.

पाचवं, कॉक. हे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं, मी शेवटी केलं. मी पहिल्या रात्री कॉक बंद करून बाटली लावली होती, आठवा. कॉक बंद असताना गळायलाच नको होतं! माझं तिकडं लक्षच गेलं नाही, मी फ्लोटच्याच मागं लागलो. कॉक बंद करून नळी काढली आणि बाटलीत सोडली. दहा मिनिटांत एक थेंब सुद्धा यायला नको. माझ्याकडं थेंबाला थेंब लागला होता. कॉकच्या आत भोकांची एक रबरी चकती असते, तिच्यावर दांडी फिरते. वीस-पंचवीस वर्षांत ती चकती दगड होते आणि तिच्यावर चर पडतात. मग दांडी बंदवर असली तरी आतून रस्ता चालूच. ज्या कॉकला पुढं दोन स्क्रू असतात त्याची चकती बदलता येते. माझा पूर्णच बदलला, तीनशेच्या आत काम झालं. जाळीसकट नवीन आला.

गणित बघा. दारं दोन आहेत, कॉक आणि फ्लोटची सुई. एक जरी चांगलं असतं तरी गाडी उभी असताना गळाली नसती. दोन्ही बिघडली तेव्हा गळाली. म्हणजे कॉक कधीपासून बिघडलेला असेल कोण जाणे, सुई सांभाळून घेत होती. आणि खरं सांगायचं तर मी कॉक बंद करतच नव्हतो, वर्षानुवर्षं चालूवरच. रात्री बंद करत असतो तर बिघाड लवकर कळला असता.

सहावं, इंजिन ऑईल. हे विसरू नका. ओव्हरफ्लोतून बाहेर पडतं ते दिसतं तरी. काही वेळा पेट्रोल आतल्या बाजूनं इंजिनात उतरतं आणि रिंगांवरून खाली ऑईलमध्ये जातं. ऑईलची कांडी काढून पुसा, परत आट्या न देता नुसती टेकवा आणि बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर चढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालू करू नका. पातळ झालेलं ऑईल इंजिन खातं. माझं थोडं चढलं होतं, बदलून टाकलं. किक अचानक दगडासारखी अडकली तर पाय मारू नका, प्लग काढून आधी आतलं पेट्रोल बाहेर येऊ द्या, प्लगची वायर लांब ठेवून.

एक विषय राहिला, कारण पारावर तोच निघतो. इथेनॉल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच उसाचं, मक्याचं, त्यामुळं आपण तोंड वाकडं करून चालणार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं आहे, आणि काही जुन्या गाड्यांत रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात हे सरकारनंही 2025 मध्ये सांगितलंय. म्हणून जुनी गाडी असेल तर नळी, कॉकची चकती, सुई, झाकणाचं रबर एकदा नवीन टाकून घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नका. माझ्या गाडीचा दोष मात्र मी इथेनॉलवर ढकलणार नाही. वीस-पंचवीस वर्षांचं रबर, स्प्रे पंपाची नळी आणि खताच्या पिशवीचा तुकडा, यात इथेनॉलचा काय गुन्हा?

आणि टाकीलाच भोक पडलं असेल तर ती वेल्डिंगला नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, तिच्यात वाफ असते. साबण लावून गळती थांबते ती घरी पोहोचेपर्यंतच. टाकी बदलायची.

सगळं झाल्यावर परत बाटली लावली. एक रात्र कॉक बंद करून, एक रात्र मुद्दाम चालू ठेवून. दोन्ही सकाळी बाटली कोरडी. पाच लिटर टाकून पंधरा दिवस झाले, काल रिझर्व्हला आली.

आता राहिला गडी.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याला बोलावून घेतलं नाही, मीच गेलो. त्याच्या बायकोसमोर सांगितलं, की पेट्रोल गाडीच पीत होती, झाकणाचं तू सांगितलंस ते बरोबर होतं, मी चुकलो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मालक, बाटली आधी लावायची होती. डेअरीवर विचारायच्या आधी."

यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

साल धरायचं का, याला त्यानं पाडव्याला हो म्हटलं नाही. आठ दिवस घेतले. दुसरीकडून त्याला बोलावणं होतं आणि ते मला ठाऊक होतं. मी पैसे वाढवून सांगितले, ते पेट्रोलचे म्हणून नाही, वाढवायला आलेच होते. डेअरीवरच्या त्याच चार माणसांपुढं मी एकदा स्वतःहून गाडीचा किस्सा सांगितला, कॉकपासून झाकणापर्यंत. लोक हसले, मला हसले, तेच बरोबर होतं. नवव्या दिवशी पहाटे तो आला, सायकल भिंतीला लावली आणि गाडीची किल्ली मागितली.

आता पेट्रोलची डायरी त्याच्याकडं असते. रात्री गाडी अंगणात उभी करतो, कॉक बंद करतो आणि वाकून खाली हात फिरवून बघतो. मी सांगितलेलं नाही त्याला.